मूठभर धान्याचं बोर्डिंग

साताऱ्याच्या सरकारी शाळेच्या, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कूलच्या पटावर ७ नोव्हेंबर १९०० या दिवशी भिवा रामजी आंबेडकर हे नाव दाखल झालं. महाराष्ट्रात हा दिवस आता विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. त्या नोंदीमागचं घर मात्र फारसं कुणी पाहत नाही. आई भीमाबाई १८९६ मध्येच साताऱ्यात वारल्या होत्या. फौजेतून निवृत्त झालेले सुभेदार रामजी खटाव तालुक्यात रोखपालाच्या नोकरीवर होते. दुष्काळात पोळलेल्या लोकांच्या हाताला काम मिळावं म्हणून सरकार तिथे तलाव खोदत होतं. मुलं साताऱ्यात आत्याच्या, मीराबाईंच्या भरवशावर. भिवा वर्गात बसायचा तो घरून आणलेल्या गोणपाटाच्या तुकड्यावर. शाळा सुटली की तो तुकडा उचलून घरी न्यायचा, कारण शाळेचा गडी त्याला हात लावत नसे. न्हावी केस कापत नसे, ते काम बहिणीकडे होतं.

बाप एका गावी, पोरं दुसऱ्या गावी, घरात आई नाही, मिळकत बेताची, आणि शाळेत नाव असूनही बसायला जागा नाही. पुढे शंभर वर्षं या भागातल्या हजारो कुटुंबांनी असेच दिवस काढले. या गाठीचे तीन पदर. डोक्यावर छप्पर, हातात पैसा आणि पोराची शाळा. एक पदर ओढला की उरलेले दोन आवळतात. आजच्या सांगली जिल्ह्याचा बराचसा भाग तेव्हा सातारा जिल्ह्यातच मोडत असे. शेजारी सांगली, मिरज, औंध ही संस्थानं. १९४९ मध्ये दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळालं. कृष्णाकाठी ऊस आणि हळद, तर माण, खटाव, आटपाडी, जत, कवठेमहांकाळकडे पावसाची वाट पाहणारं माळरान. नदीकाठाला सुबत्ता आणि माळाला कोरडा घसा, असं दोन्ही एकाच जिल्ह्यात असल्यामुळे गरिबीशी झुंजण्याचे जेवढे प्रयोग इथे झाले तेवढे महाराष्ट्रात फार थोड्या ठिकाणी झाले असतील.

गरीब विद्यार्थ्याला जेवू घालण्याची रीत त्याआधीही होती. वार लावून जेवणं ही ती रीत. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी, असे आठवड्याचे सात वार सात घरी लागले की पोटाची चिंता मिटायची आणि मुलगा पाठशाळेत किंवा इंग्रजी शाळेत जायचा. ज्याचे वार भरत नसत तो माधुकरी मागे. मराठीतल्या कितीतरी विद्वानांचं शिक्षण या वारांवर झालं. त्या घरांतल्या बायकांनी परक्याच्या पोराला वाढलेल्या भाकरीचं मोल कमी नाही. पण हे दार जातीच्या चौकटीत बसवलेलं होतं. कुणब्याच्या, धनगराच्या, रामोशाच्या पोराला कुणी वार देत नसे आणि महार-मांगाच्या पोराला तर त्या ओसरीवर पायही ठेवता येत नव्हता. शिवाय शाळा मोठ्या गावात आणि ही मुलं वाडीवस्तीवर. दहा-बारा मैल चालून रोज शाळा होत नाही, आणि तालुक्याच्या गावी खोली घ्यायची तर भाडं कुठून आणायचं?

ही कोंडी फोडण्याची पहिली धडपडही या मातीशी नातं सांगणारी आहे. सावित्रीबाईंचं माहेर सातारा जिल्ह्यातलं नायगाव आणि जोतीरावांचं मूळ गाव खटाव तालुक्यातलं कटगुण. १८७७ च्या दुष्काळात फुले दांपत्यानं आणि सत्यशोधक समाजाच्या मंडळींनी पुण्याजवळ धनकवडीला उपाशी मुलांसाठी बालाश्रम उघडला. पुढे कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०१ पासून एकामागून एक वसतिगृहं उभी केली, मराठ्यांसाठी, जैनांसाठी, मुसलमानांसाठी, लिंगायतांसाठी, आणि १९०८ मध्ये अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. प्रत्येक जातीच्या पुढाऱ्यांना हाताशी धरून महाराजांनी हे घडवलं, कारण त्या काळी आधी आपापल्या जातीच्या नावानेच दार उघडत होतं.

मिस क्लार्क बोर्डिंगच्या उद्घाटनाला जैन बोर्डिंगातला एक उंचापुरा विद्यार्थी गेला. परत आल्यावर आंघोळ करून शुद्ध हो, असं त्याला सांगण्यात आलं. त्यानं नकार दिला आणि त्याला बोर्डिंग सोडावं लागलं. भाऊराव पायगोंडा पाटील हे त्याचं नाव. जन्म २२ सप्टेंबर १८८७, कुंभोज. घराणं वाळवे तालुक्यातल्या ऐतवडे बुद्रुकचं. वसतिगृहातून बाहेर काढलेला हा मुलगा पुढे महाराष्ट्रातला सर्वांत मोठा वसतिगृहवाला झाला.

भाऊरावांना मॅट्रिकची पायरी ओलांडता आली नाही. साताऱ्यात त्यांनी शिकवण्या घेतल्या, लोक त्यांना पाटील मास्तर म्हणू लागले. १९१० मध्ये मिरजेजवळच्या दुधगावात मित्रांना घेऊन त्यांनी सगळ्या जातींच्या मुलांसाठी विद्यार्थी आश्रम काढला. मग पोटासाठी ओगल्यांच्या कारखान्याचे कंदील विकले, किर्लोस्करांचे नांगर विकले, साताऱ्याच्या कूपर कारखान्याच्या उभारणीत हात घातला. या फिरतीच्या वर्षांकडे त्यांची चरित्रं घाईनं पाहतात. खरं तर तीच त्यांची शाळा होती. लोखंडी नांगर विकायचा तर शेतकऱ्याच्या ओसरीवर बसावं लागतं, यंदा पीक किती आलं, सावकाराचं किती देणं आहे, थोरला काय करतो, धाकट्याला शाळेत का घातलं नाही, हे सगळं ऐकावं लागतं. कोणत्या घरात रोख रुपया नाही पण ज्वारीची कणगी आहे, हे त्यांना तिथे कळलं. पुढच्या सगळ्या कामाचा पाया या एका माहितीवर उभा राहिला.

४ ऑक्टोबर १९१९, विजयादशमी. कऱ्हाड तालुक्यातल्या काले गावात सत्यशोधक समाजाची परिषद भरली आणि तिथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली. काले, मग नेर्ले, अशी बोर्डिंगं निघाली. १९२४ मध्ये संस्था साताऱ्यात आली आणि भाऊरावांनी स्वतःच्या घरातच मुलं ठेवून घ्यायला सुरुवात केली. २५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधी साताऱ्यात आले आणि त्यांच्या हस्ते या वसतिगृहाला छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस असं नाव देण्यात आलं. महार, मराठा, मांग, जैन, मुसलमान, ब्राह्मण, सगळी मुलं एका पंगतीला जेवत होती, एकाच चुलीवरचं. ज्या काळात विहिरीवरून डोकी फुटत होती त्या काळातलं हे साताऱ्यासारख्या गावातलं दृश्य आहे, हे ध्यानात ठेवायला हवं.

रोजची पंगत चालायची कशी, हे पाहण्यासारखं आहे. पहाटे जात्यावर बसणाऱ्या बाईनं दळायला घेतलेल्या धान्यातली एक मूठ बाजूला काढायची आणि मडक्यात टाकायची. बोर्डिंगच्या पोरांचा वाटा. तिच्या सुपात ज्वारी असेल तर ज्वारी, बाजरी असेल तर बाजरी. मडकं भरलं की गावातून धान्य गोळा व्हायचं आणि ते बोर्डिंगाच्या कोठीत पडायचं. याला मुष्टिफंड म्हणत. एका मुठीनं कुणाच्या घरी तूट येत नाही, म्हणून नाही म्हणावंसं वाटत नाही. आणि रोज द्यायची असल्यामुळे ते बोर्डिंग आपलंही आहे असं वाटू लागतं. शंभर रुपयांची देणगी देणारा एखादाच असतो. मूठ घरटी निघते. ज्या बाईला आपल्या नवऱ्याच्या पैशावर काडीचा हक्क नव्हता तिला जात्यापाशी मात्र हक्क होता, आणि तिनं तो दुसऱ्याच्या लेकरासाठी वापरला. संस्थेच्या इतिहासात या बायकांची नावं नाहीत. तरी रयतचे पहिले देणगीदार कोण, असं कुणी विचारलं तर उत्तर त्याच आहेत.

मडकी रिकामी असत असेही दिवस आले. भाऊराव सदा फिरतीवर. मागे पोरांचा रगाडा सांभाळायला लक्ष्मीबाई. सोवळ्या-ओवळ्याच्या संस्कारात वाढलेल्या या बाईंनी सगळ्या जातींची पोरं पोटच्या पोरांसारखी पोटाशी धरली. अंगावरचे दागिने एकेक करून गेले. एकदा कोठीत दाणा उरला नाही आणि भाऊराव गावात नव्हते, तेव्हा लक्ष्मीबाईंनी गळ्यातलं मंगळसूत्र काढून दिलं आणि त्या पैशांतून पोरांच्या जेवणाची सोय केली. त्या काळात सवाष्ण बाईनं हे करणं म्हणजे काय, हे आजच्या वाचकाला सांगून कळणार नाही. १९३० मध्ये त्या गेल्या. रयतमध्ये आजही त्यांना रयतमाउली म्हणतात आणि तो शब्द इथे नुसता मानाचा नाही.

भाऊरावांना पोरं आणि गावकरी अण्णा म्हणत. अनवाणी, खादीचे जाडेभरडे कपडे, भरघोस दाढी. फुकट जेवण देणं त्यांना मान्य नव्हतं. ज्याच्या घरी धान्य आहे त्यानं धान्य आणावं, ज्याच्या घरी काहीच नाही त्यानं हातानं काम करावं, असा त्यांचा हिशेब. स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद, हे संस्थेचं घोषवाक्य त्यातूनच आलं. पोरं दळत, स्वयंपाक करत, लाकडं फोडत, खडी फोडत, माळ खणून शेत करत, इमारतीचे दगड वाहत. पुढे याला कमवा आणि शिका हे नाव पडलं. साताऱ्यात १९४० मध्ये महाराजा सयाजीराव हायस्कूल निघालं ते याच तत्त्वावर, राहण्याच्या सोयीसह आणि फीशिवाय. १९४७ मध्ये छत्रपती शिवाजी कॉलेज निघालं. कुदळ-फावडं हातात घेऊन कॉलेजची फी भागवायची, ही कल्पना तेव्हाच्या सुशिक्षितांना चमत्कारिक वाटली होती.

आज या योजनेवर एक आक्षेप घेतला जातो आणि तो ऐकून घेण्यासारखा आहे. श्रीमंताच्या मुलानं अभ्यास करायचा आणि गरिबाच्या मुलानं अभ्यासाबरोबर खडीही फोडायची, हा न्याय कसा? आक्षेप खरा आहे. पण पर्याय काय होता, तेही पाहावं. फी माफ झाली असती तरी मुलगा घरी परतला असता, कारण घराला त्याचे दोन हात हवे होते. भाऊरावांनी त्या हातांची किंमत ओळखली आणि ती मुलाच्याच खात्यावर जमा केली. खडी फोडणारा पोरगा कुणाच्या दयेवर जेवत नव्हता. पंगतीत तो मान वर करून बसत होता. वारावर जेवणाऱ्या मुलाला ही मुभा क्वचितच मिळाली असेल.

या बोर्डिंगांतून बाहेर पडलेल्यांची यादी मोठी आहे. शाहू बोर्डिंगातले पी. जी. पाटील बॅरिस्टर झाले आणि पुढे शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले. वाळवे तालुक्यातल्या ढवळीचे एन. डी. पाटील १९५४ पासून काही वर्षं शिवाजी कॉलेजात प्राध्यापक आणि कमवा आणि शिका योजनेचे प्रमुख होते. पुढे त्यांनी संस्थेचं चेअरमनपद सांभाळलं. मात्र या यादीवरून संस्थेचं मोजमाप करू नये. जो मुलगा तलाठी झाला, कंडक्टर झाला, प्राथमिक शिक्षक झाला, त्याच्या पगारावर मागची दोन भावंडं शिकली आणि घरावरचं गवत जाऊन कौलं आली. सातारा-सांगलीच्या खेड्यात कौलारू घराची पहिली पिढी आणि नोकरदाराची पहिली पिढी बहुधा एकच असते. १९३५ मध्ये साताऱ्यात ग्रामीण शिक्षकांसाठी ट्रेनिंग कॉलेज काढण्यामागे हाच विचार होता. शिक्षक झालेला पोरगा घर सावरतो आणि गावात शाळाही काढतो. पाहता पाहता पाचशेहून अधिक व्हॉलंटरी शाळा वाड्यावस्त्यांवर निघाल्या.

सरकारशी संबंध मात्र नेहमी गोडीचे राहिले नाहीत. गांधीहत्येनंतरच्या काळात भाऊरावांच्या एका भाषणावरून बाळासाहेब खेरांच्या सरकारनं संस्थेचं अनुदान थांबवलं. पोरांच्या ताटावर परिणाम झाला. अखेर गाडगे महाराजांनी शब्द टाकला आणि अनुदान पुन्हा सुरू झालं. कऱ्हाडला १९५४ मध्ये निघालेल्या कॉलेजला संस्थेनं सद्गुरू गाडगे महाराजांचं नाव दिलं, यामागे हा ऋणानुबंध आहे. भाऊरावांना १९५९ मध्ये पद्मभूषण मिळालं, पुणे विद्यापीठानं डी. लिट. दिली आणि त्याच वर्षी ९ मे रोजी ते गेले.

बोर्डिंगनं पोराचा प्रश्न सोडवला. मागे राहिलेल्या घराचं काय? ते घर कर्जात बुडत होतं आणि बुडायचं मोठं कारण लग्न होतं. १९४३ ते १९४६ या काळात क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार याच टापूत, कुंडलच्या आसपास, गावोगाव चाललं. रेल्वेगाड्या आणि तिजोऱ्या लुटल्याच्या कहाण्या सर्वांना ठाऊक आहेत. त्याच प्रतिसरकारनं गांधी विवाह नावाची साधी, थोड्या खर्चातली लग्नं लावली आणि गावाच्या न्यायमंडळात सावकाराचा हिशेब तपासायला घेतला, हे कमी सांगितलं जातं. लग्न आटोपशीर झालं तर रान गहाण पडत नाही आणि रान राहिलं तर पोरगं शाळेत राहतं. प्रतिसरकारच्या तुफान सेनेच्या बंदुकीइतकंच हेही कुटुंबांना वाचवणारं काम होतं.

पैशाची दुसरी वाट मुंबईला जात होती. माणदेशातला, पाटण-जावळीच्या डोंगरातला गडी गिरणीत किंवा गोदीत, आणि घर मनीऑर्डरवर. राहायला गावकीची खोली. एका गावच्या माणसांनी मिळून एक खोली भाड्यानं घ्यायची, भिंतीला वळकट्या आणि पेट्या, पहिल्या पाळीवरून आलेला झोपला की दुसऱ्या पाळीचा उठून जायचा. भाडं सगळ्यांत वाटलं जाई, आणि गावाहून नवा पोरगा आला तर काम लागेपर्यंत त्याच्या जेवणाचा भार खोली उचले. परक्या शहरात गावानं गावासाठी बांधलेलं हेही एक बोर्डिंगच होतं. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला तेव्हा खानापूर-आटपाडीचे कितीतरी कामगार याच खोल्यांतून गावी परतले. गावात दुष्काळ होता. त्यांच्यातल्या काहींनी शेतकरी-शेतमजुरांबरोबर मुक्तिसंघर्ष चळवळ उभारली आणि येरळा नदीवर बलवडी-तांदूळवाडीच्या लोकांनी बळीराजा धरण बांधलं. पाण्याचा हक्क भूमिहीनांनाही असावा, हा आग्रह तिथून पुढे गेला.

तिसरी वाट सर्वांत लांब पोहोचली. वि. स. पागे हे सांगली जिल्ह्यातले, विधान परिषदेचे सभापती. मागेल त्याला काम देण्याची जबाबदारी सरकारची, हा विचार त्यांनी मांडला आणि १९६५ मध्ये तासगाव तालुक्यात विसापूर भागात त्याचा पहिला प्रयोग झाला. १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमी राज्यभर गेली. मिलो ज्वारीची लालसर भाकरी आणि पोरांच्या हातावर पडणारी सुकडी, हे त्या वर्षांतलं खाणं. खडीच्या ढिगावर नवरा-बायको दोघं आणि बांधावर झाडाला बांधलेली झोळी. शाळेतली मोठी पोरंही हातोडी घेऊन बसली, हे त्या दुष्काळाचं दुखणं. पण गाव सोडून परागंदा व्हावं लागलं नाही, घराला कुलूप लागलं नाही, म्हणून पाऊस आल्यावर पोरं पुन्हा त्याच शाळेत जाऊ शकली. १९७७ मध्ये या हमीचा कायदा झाला. शहरातल्या पगारदाराकडून व्यवसाय कर घेऊन त्यातून खेड्यातली मजुरी द्यायची, ही त्यातली सोय मला फार मोलाची वाटते. २००५ मध्ये सगळ्या देशासाठी रोजगार हमीचा कायदा झाला, त्याचं मूळ विसापूरच्या शिवारात आहे.

माण तालुक्यातल्या म्हसवडला नव्वदच्या दशकात एक बाई बँकेत बचत खातं उघडायला निघाली. रस्त्याकडेला पालात राहून लोहारकाम करणारी. तिला पैसे साठवायचे होते ते प्लॅस्टिकचा कागद घेण्यासाठी, पावसाळ्यात पालावर टाकायला. एवढ्याशा रकमेचं खातं उघडून घ्यायला कुणी राजी झालं नाही. तिनं ही गोष्ट चेतना सिन्हा यांना सांगितली. मुंबईत वाढलेल्या चेतनाताई लग्नानंतर म्हसवडला आल्या होत्या. बायकांचीच बँक काढायची ठरलं. रिझर्व्ह बँकेकडे पहिला अर्ज गेला तो नामंजूर झाला, कारण अर्जदार बायकांपैकी अनेकींना सहीऐवजी अंगठा उठवावा लागत होता. बायका घाबरल्या नाहीत. त्यांनी लिहा-वाचायला शिकायचं ठरवलं आणि पुन्हा मुंबई गाठली. आम्हाला लिहिता येत नसेल, पण कोणत्याही रकमेचं व्याज तोंडी सांगतो, तुमच्या साहेबांनाही यंत्राशिवाय सांगायला लावा, असं त्यांनी अधिकाऱ्यांना म्हणून दाखवलं. १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. ग्रामीण बायकांनी बायकांसाठी चालवलेली देशातली ही पहिली बँक.

छपराचा कागद हे बँक काढायचं कारण ठरलं, यातच सगळं आलं. बचत खातं, कर्ज, हप्ता हे शब्द बँकेच्या कागदावर वेगवेगळे असतात. त्या बाईच्या घरात त्यांचा अर्थ एकच, यंदा पोरांची अंथरुणं भिजणार की नाही. पुढे बँकेच्या बहिणींनी शाळा लांब असलेल्या मुलींना सायकली मिळवून दिल्या. २०१२-१३ च्या दुष्काळात म्हसवडला चारा छावणी उघडली आणि माणसं जनावरांसह तिथे मुक्कामाला राहिली.

ज्यांना घर असून नसल्यासारखं आहे अशीही मुलं आहेत. सांगलीत १९९२ पासून संग्राम ही संस्था वेश्याव्यवसायातल्या बायकांबरोबर काम करते. या आयांनी पुढे स्वतःची वॅम्प ही संघटना उभी केली. आपल्या मुलांना शाळेत टोमणे ऐकावे लागतात, बाकावर कुणी शेजारी बसू देत नाही, हे त्यांनी शिक्षकांपुढे जाऊन मांडलं. निपाणीला मित्र या नावाचं वसतिगृह अशाच मुलांसाठी चालतं. १९०० सालच्या गोणपाटाच्या तुकड्याशी या बाकाचं नातं जवळचं आहे.

आज मदतीच्या योजना कमी नाहीत. १९५९ मध्ये यशवंतराव चव्हाणांच्या सरकारनं आर्थिकदृष्ट्या मागास कुटुंबांना फीची सवलत दिली, तिला खेड्यापाड्यात ईबीसी म्हणून ओळखत. आता अनुसूचित जातींच्या मुलांसाठी स्वाधार योजना आहे, वसतिगृहाचा भत्ता आहे, २०२४ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी माफ आहे, घरकुलाची योजना आहे. सगळ्या हव्यातच. पण घरकुलाचा अर्ज ग्रामपंचायतीत, शिष्यवृत्तीचा संगणकावर, उत्पन्नाचा दाखला तहसीलमध्ये, आणि प्रत्येक टेबलावर तीच कागदपत्रं नव्यानं. भाऊरावांच्या बोर्डिंगात पोरगा एकदा दारात आला की जेवण, निवारा आणि शाळा एकदम मिळत होतं, आणि त्याच्या घरची हकीकत कुणाला तरी तोंडपाठ असे. ही सोय आपण गमावली आहे, हे माझं मत आहे. योजना वाढल्या, पण कुटुंबाची सगळी गोष्ट एकाच जागी ऐकून घेणारा माणूस उरला नाही.

याची सर्वांत जास्त झळ लागते ती ऊसतोड कामगारांच्या मुलांना. दिवाळीच्या सुमारास बीडकडून, जतकडून, माणदेशातून टोळ्या कृष्णाकाठच्या कारखान्यांवर उतरतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडेपर्यंत माघारी फिरता येत नाही. फडाजवळ कोप्या पडतात, बांबूच्या आणि पाचटाच्या, पुढचे पाच-सहा महिने तेच घर. आई-बाप पहाटे फडात गेले की आठ-नऊ वर्षांची मुलगी कोपीत धाकट्याला सांभाळते. निवारा, पैसा आणि शाळा हे तिन्ही प्रश्न इथे पुन्हा एका गाठीत आवळलेले आहेत, जसे १९०० मध्ये होते. साखरशाळा निघाल्या, मुलं आजी-आजोबांकडे राहावीत म्हणून मूळ गावी हंगामी वसतिगृहं निघाली, शिक्षण हमी कार्डाची सोय झाली. तरी दरवर्षी काही मुलं पटावरून गळतात.

म्हणून सातारा-सांगलीतल्या वाचकाला एक विनंती. यंदा गळीत हंगाम सुरू झाला आणि आपल्या शिवारात कोप्या पडल्या, तर तिथल्या मुलांची चौकशी करावी आणि त्यांना जवळच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत घेऊन जावं. १ एप्रिल २०१० पासून लागू असलेल्या शिक्षण हक्क कायद्यानुसार वयाप्रमाणे वर्ग मिळणं हा त्या मुलांचा हक्क आहे. जुन्या शाळेचा दाखला किंवा जन्माचा पुरावा हाताशी नाही, एवढ्या कारणावरून कोणत्याही शाळेला त्यांचा प्रवेश नाकारता येत नाही. मुख्याध्यापकांना हे ठाऊक असतं. फक्त त्या मुलांचं बोट धरून शाळेच्या दारापर्यंत जाणारं एक मोठं माणूस लागतं.